मागच्या डाव्या दरवाजाचं म्हणणं

मित्रांनो, मी जुना आहे हे मला मान्य आहे, पण मी वाकडा नाही. एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्याविषयी तुम्हाला बरंच काही ऐकायला मिळणार आहे.

मी एका लहानशा पांढऱ्या गाडीचा मागचा डावा दरवाजा आहे. माझा जन्म कारखान्यात झाला. एक सपाट पत्रा यंत्राखाली गेला, वरून दाब आला आणि मी दरवाजा झालो. बालपण म्हणून सांगण्यासारखं एवढंच. तेव्हा माझा रंग निळा होता आणि गाडीही निळी होती. आठ वर्षं आम्ही सुखाने नांदलो. मग एके दिवशी त्या गाडीने एका भिंतीला रस्ता समजून धडक दिली. पुढचा भाग गेला. मला ओरखडाही आला नाही, तरी भंगारात मात्र सगळ्यांबरोबर गेलो.

भंगारवाल्याच्या आवारात मी तीन वर्षं भिंतीला टेकून उभा होतो. शेजारी एका फ्रिजचा दरवाजा होता. आपल्या आत दिवा लागायचा, हे तो दिवसातून चार वेळा सांगायचा. त्या सहवासाने माणसाला वैराग्य येतं, मी तर पत्रा.

तिथून मला जुन्या गाड्यांच्या दलालाने उचललं. त्याच्याकडच्या पांढऱ्या गाडीचा मागचा डावा दरवाजा पार चेपला होता. माझ्यावर पांढरा रंग मारून मला तिथे बसवलं. रंग घाईत मारला होता, त्यामुळे कडेला आतून निळा दिसत राहिला, शर्टाच्या गळ्यातून बनियन दिसतो तसा. बिजागऱ्या त्या गाडीच्याच, झिजून सैल झालेल्या. त्यांच्यावर लटकल्यावर माझं मागचं टोक दोन सूत, म्हणजे पाव इंच, खाली उतरलं. खांबावर एक लोखंडी आकडा असतो, त्याला मी माझ्या खाचेने धरायचं असतं. आता खाच खाली, आकडा वर. मला सांगा, यात माझा काय दोष?

गाडी बघायला एक शिंपी आले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चाळीस वर्षं कपडे शिवलेला माणूस, नजर सुईच्या नाकातून आरपार जाणारी. दलाल मला पाठ टेकून उभा राहिला आणि सौदा संपेपर्यंत हलला नाही. त्याची गरजही नव्हती. मास्तर गाडीत शिरले ते थेट सीटच्या कव्हरांकडे वळले. कव्हर उलटं करून त्यांनी आतली शिलाई पाहिली, टाके मोजले, कोपरा ओढून पाहिला. अर्धा तास तेच चाललं होतं. बाहेर येऊन म्हणाले, "काम पक्कं आहे. दुहेरी शिलाई आहे." आणि गाडी घेतली. इंजिनाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. माझ्याबद्दल तर नाहीच.

गाडी घेतली होती ती बायकोसाठी. मास्तरांची बायको ग्रंथालयात होती, सगळे त्यांना बाई म्हणत. त्यांचा उजवा गुडघा दुखायचा आणि बसची पायरी उंच होती. पुढच्या सीटवर गिऱ्हाइकांचे हँगरला लावलेले कपडे असायचे, म्हणून बाई मागे, फुटपाथच्या बाजूने, म्हणजे माझ्यातून बसणार हे ठरलेलं होतं.

पहिल्याच सकाळी मी लागलो नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मास्तरांनी मला खालून उचललं, आत ओढलं आणि कमरेचा धक्का दिला. असा आवाज झाला की समोरच्या घराची खिडकी उघडली. यापुढे हीच रीत पडली. मास्तरांची मुलगी टापटिपीची. तिने सुवाच्य अक्षरात एक चिठ्ठी लिहून माझ्या काचेला आतून चिकटवली: "पाहुण्यांना विनंती. १) दार उचला. २) ओढा. ३) कंबर." तिसऱ्या सूचनेत क्रियापद नव्हतं, पण कोणाला कधी शंका आली नाही.

बाईंचे मेव्हणे एकदा आले. मेव्हणे म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मास्तरांचे साडू. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि शांतपणे विचारलं, "मास्तर, या दारासोबत माणूस पण देतात का?" मास्तर हसले, पण त्यांच्या हसण्याला अस्तर नव्हतं.

खरी अडचण वेगळीच होती. बाई दिवसभर लोकांना 'हळू' म्हणत. ग्रंथालयात पंखासुद्धा त्यांच्या धाकात फिरायचा. आणि रोज सकाळी साडेनऊला त्याच ग्रंथालयाच्या दारात मी धाडकन लागायचो. वाचनगृहातले सगळे चेहरे वर यायचे. कोपऱ्यात पेपर तोंडावर घेऊन एक आजोबा बसत. ते पेपर न काढता म्हणायचे, "बाई आल्या."

तीन आठवडे बाईंनी सोसलं. मग एका सकाळी माझ्यापाशी येऊन थांबल्या, पण बसल्या नाहीत.

"अहो, गाडी चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण हे दार ज्या दिवशी एका हाताने आणि आवाज न करता लागेल, त्या दिवशी मला सांगा. तोवर मी बसने जाते."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मास्तरांचं दुकान बस थांब्यासमोर होतं. रोज सकाळी त्यांना मशीनवरून दिसायचं: बाई डाव्या हाताने दांडा धरतात, आधी डावा पाय वर ठेवतात आणि उजवा मागून ओढून घेतात. त्या वेळी मशीन थांबायचं. बस गेली की परत सुरू व्हायचं.

मग मास्तरांनी पाना हातात घेतला.

पहिल्या रविवारी त्यांनी सुरुवात पुढच्या दरवाजापासून केली, कारण घरातून बाहेर पडलं की तोच आधी दिसायचा. त्याला पुढे सरकवून मडगार्डाशी छान जुळवलं. साहजिकच त्याच्या आणि माझ्यामध्ये बोटभर फट पडली. मग मला पुढे घेतलं, तर फट माझ्या मागे गेली. पाऊस आला असता तर बाईंच्या आधी तोच आत बसला असता. मला मागे ढकललं, तेव्हा मी मागच्या पत्र्यावर घासू लागलो. पुन्हा पुढचा दरवाजा सैल केला. संध्याकाळपर्यंत ती एकच फट गाडीभर फिरत होती, पण गाडी सोडून जात नव्हती.

दुसऱ्या रविवारी मास्तर आपल्या विद्येवर आले. बकरमचा, म्हणजे कॉलरच्या आत घालतात त्या ताठ कापडाचा, एक तुकडा त्यांनी चौपदरी शिवला आणि खालच्या बिजागरीमागे भरला. मित्रांनो, मला कॉलर बसवली. खरं सांगतो, चार दिवस मी रुबाबात होतो. पाचव्या दिवशी बकरम चेपलं आणि मी होतो तिथे आलो. मुलगी म्हणाली, "बाबा, आता बटणं लावून बघा."

मग मास्तरांच्या दुकानात एक डेंटर आला. गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारा माणूस, थोडं बोलणारा आणि हातोडीसारखं बोलणारा. त्याची पँट शिवायला टाकली होती. पँट न्यायला आला, तर दुकानाबाहेर मास्तर माझ्यापुढे पाना घेऊन बसलेले. डेंटरने वाकून पुढून मागेपर्यंत सगळ्या फटी पाहिल्या.

"मास्तर, माझी पँट कुठून मोजलीत? पायाकडून का कमरेकडून?"

"कमरेकडून. पायाकडून कोण मोजतं?"

"मग गाडीची कंबर कुठं आहे?"

मास्तरांनी गाडीकडे पाहिलं. डेंटरने माझ्या मागचा पत्रा बोटाने वाजवला. "हा सांगाड्याला वेल्डिंगने पक्का केलेला आहे. याला नट नाही, बोल्ट नाही. हा तुमच्यासाठी हलणार नाही. म्हणून आधी मागचं दार याला जुळवायचं, मग पुढचं दार मागच्याला. मडगार्ड सगळ्यात शेवटी. तुम्ही पायातून सुरुवात केलीत, ते कमरेत घट्ट होणारच."

मास्तरांनी पाना खाली ठेवला. चाळीस वर्षांत त्यांना पँट कशी मोजावी हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी डेंटर नवी पँट घालून आला. येताना बिजागऱ्यांच्या नव्या पिना, एक जॅक, एक लाकडी ठोकळा आणि जुना टॉवेल घेऊन आला. मास्तरांनी कपड्यावर खुणा करायचा खडू काढून बिजागऱ्यांभोवती बारीक रेघा मारल्या, म्हणजे कोण किती हललं ते कळावं. डेंटर त्या रेघांकडे बघून म्हणाला, "माझ्याकडे कामाला या." कौतुक करायची त्याची तीच पद्धत होती. झिजलेल्या पिना निघाल्या, नव्या बसल्या. माझ्या खाली ठोकळा, ठोकळ्यावर टॉवेल. जॅकने मला दोन सूत वर घेतलं आणि बोल्ट आवळले. सगळ्या कडेने सारखी फट. मास्तरांनी टेप लावून तीनदा पाहिली आणि हळूच म्हणाले, "इस्त्री केल्यासारखी."

यानंतर जे घडलं ते मला मुद्दाम सांगायचं आहे. पुढचा दरवाजा माझ्याकडे बघून बसवला. मडगार्ड त्या दरवाजाकडे बघून. म्हणजे जो भंगारातून आलेला उपरा, निळ्या बनियनचा, त्याच्यावरून अख्ख्या बाजूने माप घेतलं. मी काही बोललो नाही. मोठेपणा असा दाखवायचा नसतो.

सोमवारी सकाळी बाई पर्स घेऊन निघाल्या. मास्तर मला उघडून उभे राहिले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आत बसल्या. एका हाताने मला ओढलं.

टक्.

मास्तरांनी पुढे बसून किल्ली फिरवली, मग बंद केली. "नाही लागलं," असं म्हणून खाली उतरले, मला उघडून पुन्हा लावलं. टक्. पुढच्या चौकात थांबून पुन्हा उतरले. पुन्हा टक्. इतक्या दिवसांच्या धाडकन आवाजानंतर त्या माणसाचा शांततेवर विश्वासच बसेना. तिसऱ्यांदा दार उघडायला आले, तेव्हा बाईंनी आतून कडी धरली.

"लागलंय दार," त्या म्हणाल्या. "आता चला, उशीर होतोय."

मास्तर बसले. आरशात त्यांना बाई दिसत होत्या. उजवा पाय त्यांनी सीटवर लांब केला होता.

ग्रंथालयापाशी बाई उतरल्या आणि मला लावलं. एकही चेहरा वर आला नाही. आजोबा पेपराखाली दुपारी बारापर्यंत गाढ झोपले होते. जाग आल्यावर समोर बाईंना बघून तक्रारीच्या सुरात म्हणाले, "अहो, येताना सांगत जा की."

मित्रांनो, आता मी सुखात आहे. बाईंनी काचेवरची ती चिठ्ठी न फाडता सोलून काढली आणि एका जाड पुस्तकात खूण म्हणून घातली. पण पाहुण्यांची सवय अजून गेलेली नाही. परवा साडू आले, मला उचललं, ओढलं, आणि कमरेने असा धक्का दिला की मी कधीच लागलो होतो आणि त्यांची कंबर मात्र धरली होती.

म्हणून एकच मागणं आहे. दरवाजा लागत नसेल तर त्याला धक्के देऊ नका, त्याची पिन बघा. एखादा वाकडा वाटला, तर त्याचं माप कुठून घेतलं ते आधी तपासा. आणि गाडी विकत घेताना कव्हरांची शिलाई जरूर पाहा. पण दलाल ज्याला टेकून उभा असेल, त्या दरवाजाशीही दोन शब्द बोला. बिचारा कधीपासून काहीतरी सांगू पाहत असतो.