कुंडीतला मळा

मित्रांनो, फ्रान्समधल्या दिजों शहराला चिकटलेल्या सेर्नी गावातली मी एक लाकडी मूर्ती. द्राक्षमळ्यांची राखण करणाऱ्या संत व्हँसाँची. माझं वय पाठीवरच्या चिरांवरून ओळखा.

पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराने मला अक्रोडाच्या खोडातून कोरलं. पण गावाने मला चर्चमध्ये कधी ठेवलं नाही. दर जानेवारीत मी वाजतगाजत नव्या घरी जायचे. मळा असेल तेच घर, आणि एका घरी लागोपाठ दोन वर्षं मुक्काम नाही, अशी रीत. चुलीशेजारी बसून मी बारशी पाहिली, भांडणं ऐकली, तळघरात आंबणाऱ्या रसाचा वास घेतला. किडीने सगळ्या वेली वाळल्या, त्या सालीही लोकांनी मला सुक्या काटक्यांचा हार घातला.

मग शहर सरकत आलं. मळ्यांच्या जागी बंगले उभे राहिले. रस्त्यांना तेवढी द्राक्षांच्या जातींची नावं मिळाली. शेवटी मळेवाले दोघंच उरले, म्हातारे बाझील आणि विधवा ओदीलबाई. मी त्यांच्या घरांमध्ये येरझाऱ्या घालू लागले.

“जपून न्या, बाई. गेल्या खेपेला संताचं नाक घासलंत.”

“तुमची वाइन हुंगून त्यानंच मुरडलं ते!”

एका हिवाळ्यात बाझील वारले. मुलांनी मळा विकला. जानेवारी आला तेव्हा मी ओदीलबाईंकडे होते आणि त्यांचं वर्ष भरलं होतं.

समोरच्या बंगल्यातली शिक्षिका कोराली धावत आली. “बाई, यंदा माझ्याकडे द्या ना!”

“मळा आहे?”

“गच्चीत कुंडी आहे. वेल लावलाय. मागच्या साली घडही धरला होता.”

“कुंडीतला मळा! संत काय चिमणी आहे, कुंडीवर बसायला?”

कोराली हसली, पण तिचे हात पुढेच होते. ओदीलबाई घुटमळल्या. मला वाटलं, आता देतील. त्यांनी मला शालीत गुंडाळलं.

“रीत म्हणजे रीत, पोरी.”

त्यांनी मला एकटीने नगरपालिकेत नेऊन दिलं. आता मी काचेच्या कपाटात आहे. गावातल्या प्रेक्षणीय वस्तूंत माझा पहिला नंबर. धूळ नाही, वाळवी नाही. सुगीनंतर ओदीलबाई एकदा आल्या. काचेला तळवा लावून पुटपुटल्या, “थंडी वाजते का रे?”

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण कुणी मागायला दारात आलं, तर त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका. काचेआड सगळं नीट राहतं. फक्त कुणी घरी नेत नाही.