पत्राच्या शेवटची एक ओळ

जयगडच्या खाडीकाठच्या त्या मोहल्ल्यात तेव्हा पुरुष असे नव्हतेच. म्हातारे होते, मुलं होती. बाकीचे सगळे बोटींवर. बायकांकडे त्यांची पत्रं असत, आणि ती वाचायला, उत्तरं लिहायला होती अजरा. मराठी सातवी झालेली, सोळा वर्षांची.

शाळा सुटली तरी भूगोलाचं पुस्तक तिने जपून ठेवलं होतं. दुपारी वर कातळी सड्यावर काजूच्या सावलीत बसून ती ते उघडायची. खाली समुद्र इतका स्वस्थ असे, की बोट दिसली तरी ती चाललीय की नुसती टेकलीय, कळू नये. पुस्तकात झांजिबारच्या लवंगा होत्या, एडनचा उन्हाळा होता, पण माणसं नव्हती. तिथे ओझं कोण वाहतं? कोण कोणाच्या पंगतीला बसत नाही? आपल्याकडे आहे तसं सगळ्या जगात आहे, की आपल्याकडेच?

हे विचारायचं कुणाला? एकदा पत्र लिहिता लिहिता, ‘मुलं खुशाल आहेत’च्या खाली तिने हळूच एक ओळ घातली. ‘तिथे मैला कोण उचलतं, ते लिहावे.’ दोन महिन्यांनी उत्तर आलं, आणि मग तिला चटकच लागली.

नवऱ्यांना वाटे, बायको विचारतेय. एरवी चार ओळींत आटपणारे गडी पान पान लिहू लागले. वाचताना अजरा तेवढा मजकूर गाळायची आणि घरी येऊन वहीत उतरवायची. डर्बनला बाकांवर पाट्या, गोऱ्यांचं बाक वेगळं. मोंबासाला वर इंग्रज, मधे दुकानदार हिंदी, आणि गोणी हबशाच्या पाठीवर. लंडनला मात्र गोराच रस्ता झाडतो! हे वाचून ती कितीतरी दिवस तरंगत होती. खात्री करायला तिने तोच प्रश्न आणखी दोन पत्रांत घातला. झोपेत तिला आपल्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवर एक लालबुंद गोरा झाडू मारताना दिसे. तो झाडत जाई, आणि मागे पाखाडी लांबत लांबत समुद्रात उतरे.

त्या पावसाळ्यात अजराला ताप आला. नेमकं तेव्हाच रहिमाभाबीला नवऱ्याचं, गफूरचं पत्र आलं. तिला दम कुठला! तिने पोस्टमन भागोजीलाच ओट्यावर बसवलं आणि वाचून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती अजराच्या उशाशी येऊन उभी राहिली.

“काय गो, लंडनला झाडू कोण मारतो, ते मी कधी विचारलं?”

अजराचा उरलासुरला ताप तिथेच उतरला.

“भागोजी हसत होता. म्हणाला, ‘भाबी, तुम्ही बॅरिस्टर होणार काय?’ तू माझ्या नावावर माझ्याच घोवाशी बोलतेस, आणि त्यांचं बोलणं मलाच सांगत नाय?”

“चुकलं, भाबी.”

“सगळ्या बायकांना सांगू?”

अजराने उशाखालच्या वहीवर हात ठेवला. एकदा सांगितलं, की उद्यापासून एकही पाकीट तिच्या हाती येणार नव्हतं. वही अर्धी कोरी होती. सारं जग त्या अर्ध्या वहीवरच थांबलं असतं.

रहिमा खाटेच्या कडेवर टेकली.

“कागद घे,” ती म्हणाली. “आता माझं लिही. तुम्ही बोटीवर कुठं बसून जेवता?”

गफूर बोटीवर मोठ्या हुद्द्यावर आहे, हे विहिरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. रहिमानेच सांगितलं होतं.

उत्तर दिवाळीच्या सुमाराला आलं. मागच्या पडवीत दोघीच बसल्या. अजरा वाचू लागली. सलाम, खुशाली, आणि मग तिचा आवाज अडखळला.

“थांबलीस का? गाळू नको. आहे तसं वाच.”

“‘मी भट्टीपाशी कोळसा ओढतो. जेवण तिथंच खाली, उकिडवं बसून. आम्ही वीसजण एका खोलीत झोपतो. गोरा खलाशी तेच काम करतो, पण त्याला खाट वेगळी, टेबल वेगळं, पगारही जास्त. तू विचारलंस म्हणून लिहिलं. आजवर कुणी विचारलं नव्हतं.’”

रहिमाने पत्र हातात घेतलं आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. जणू ती आंधळ्यासारखी चाचपून त्या खोलीत उतरत होती.

“त्या गोऱ्या खलाशांच्या बायका,” ती सावकाश म्हणाली, “पत्र कुणाकडून लिहून घेतात गो?”

“त्या स्वतःच लिहीत असतील, भाबी.”

“सगळ्या?”

अजराच्या वहीत ते पान नव्हतंच. दोन वर्षं साऱ्या जगाची उतरंड ती मांडत होती. त्या उतरंडीत हे पाकीट फोडणारी कुठल्या पायरीवर, आणि ऐकणारी कुठल्या, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“मग ह्यांनाच विचार,” रहिमा म्हणाली.

अजराने लिहिलं. आणि पाकीट चिकटवण्याआधी, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. “‘...गोऱ्या खलाशांच्या बायका पत्र कुणाकडून लिहून घेतात, ते कृपया कळवावे.’”

“कृपया? मी म्हटलं कृपया?”

“नाही.”

“मग खोड.”

अजराने खोडलं.