काट्याला थंडी, कमरेला ऊन

दिल्लीच्या थंडीला लोक नावं ठेवतात, मी ठेवत नाही. हलव्याला काटा यायचा तर अशीच थंडी लागते. परातीत तीळ घ्यायचे, खाली अगदी बारीक आच, चमचाभर साखरेचा पाक सोडायचा आणि हलक्या बोटांनी फिरवत राहायचं. सुकला की पुन्हा चमचाभर. हवा गार आणि कोरडी असली की तिळावर पांढरेशुभ्र काटे उभे राहतात. उबदार खोलीत तोच हलवा गुळगुळीत होतो, आणि गुळगुळीत हलव्याचे दागिने मी माझ्या सुनेच्या अंगावर घालणार नाही. मेले तरी नाही!

इथल्या द्वारका भागातल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाच्याही सुनेची पहिली संक्रांत असली की दागिने माझ्याकडूनच जातात. यंदा तर माझ्याच घरात नवी सून. देविका, आमच्या सुधन्वाची बायको. दिल्लीतच वाढलेली, गुडगावला नोकरी करणारी, गोड मुलगी. तिच्या बिंदीपासून कंबरपट्ट्यापर्यंत एकेक दाणा माझ्या हातचा असणार, हे मी साखरपुड्यातच जाहीर करून टाकलं होतं.

आणि ऐन जानेवारीत माझ्या कमरेत उसण भरली.

खिडक्या सताड उघड्या टाकून, जमिनीवर मांडी घालून परातीवर ओणवी बसले होते. उठायला गेले तर उठवेचना. "अहो!" म्हणून अशी ओरडले की आमचे हे, म्हणजे दिनकर, अर्धी दाढी झालेली तशीच टाकून धावत आले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाठ तपासली आणि म्हणाल्या, "आंटी, ज़मीन पर बैठना बंद. कमर को गरम रखो, और घंटों एक जगह मत बैठो." घ्या! कंबर गरम हवी आणि हलवा गार हवा. दोघांचं जमायचं कसं?

त्यात ह्यांनी प्रेमानं घोळ घातला. दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसून परातीत बोटं फिरवत होते, तर ह्यांनी गुपचूप खिडकी लावली आणि हीटर आणून माझ्या पाठीशी ठेवला. कमरेला इतकं बरं वाटलं की माझंही लक्ष गेलं नाही. थोड्या वेळानं पाहते तर काय, परातीतले काटे बसलेले!

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"पाठ बरी वाटतेय ना?"

"पाठ घालून मिरवणार आहे का तुमची सून?"

संध्याकाळी देविका घरी आली, तिनं सगळं ऐकलं आणि फोन काढला. "आई, पुण्याहून ऑनलाइन येतात हे दागिने. मागवू का? तुम्हाला त्रास नको."

"मागव की. हळदीकुंकूही ऑनलाइनच कर," म्हटलं आणि आत जाऊन डोक्यावरून रजई ओढली.

राग तिचा नव्हताच. मला भीती वाटत होती. हात अजून चालतायत आणि कंबर म्हणतेय, बाई, पुरे आता. एकदा बाहेरून दागिने आले की पुढच्या वर्षी मला कोण विचारणार?

शनिवारी आठवडाभराचं धुकं फाटलं आणि कडक ऊन पडलं. सगळी सोसायटी गाद्या-रजया घेऊन बाल्कन्यांत आली. देविकानं मला हाताला धरून आमच्या बाल्कनीत नेलं. उन्हाकडे पाठ करून खुर्ची, कमरेला शेकायची पिशवी, समोर टेबलावर शेगडी आणि परात. मी बसले आणि माझीच सावली परातीवर पडली. वारा बर्फासारखा गार.

"हवा गार, ऊन फक्त तुमच्या पाठीला," ती म्हणाली. "पण अर्ध्या तासानं उठायचं. दारापर्यंत फेऱ्या मारायच्या."

"आणि परात?"

"मी आहे ना."

माझ्या परातीत आजवर कुणाचं बोट गेलेलं नाही. पण पाक थांबतो होय? बसली ती. मी फेऱ्या मारता मारता ओरडत होते, "हलक्या हातानं! कणीक तिंबतेयस का?" पहिल्या खेपेला गोळे झाले. मग जमायला लागलं. इकडे माझी कंबर मोकळी होत होती, तिकडे तिचा हात. रविवारी चष्मा लावून पाहिलं तर तिचा काटा माझ्यापेक्षा लांब! "बरा आहे," एवढंच म्हटलं. थोडी जळले, खोटं कशाला बोलू?

संक्रांतीला काळी साडी नेसून, नखशिखांत हलव्यात सजून देविका उभी राहिली. तिला ना वाकता येत होतं, ना खदखदून हसता. हळदीकुंकवाला अलकनंदाताई आल्या होत्या. पहाडगंजच्या शाळेत शिकवण्यात जन्म गेला त्यांचा, दहापैकी सहाच्या वर गुण कुणाला देत नाहीत. त्यांनी हार जवळून निरखला.

"प्रभा, हात तो तुझाच हो! असा काटा दिल्लीत दुसऱ्या कुणाला येणं नाही."

हार देविकाच्या हातचा होता. ती खाली बघत गप्प राहिली. पोरीनं ते कौतुक मला देऊन टाकलं होतं. मीही गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं?

"हार हिचा आहे, ताई," मी म्हटलं. "माझ्या त्या बांगड्या. काटा जरा बुटका आहे बघा."

"अगंबाई! मग पुढच्या वर्षी माझ्या नातसुनेचे दागिने कुणाला सांगू?"

मी देविकाकडे बोट दाखवलं.

"मी एकटी? बिल्कुल नाही!" ती म्हणाली. "आई शेजारी असतील तरच."

माझे डोळेच भरून आले. पुढे होऊन तिला घट्ट कवेत घेतलं, तशी ती किंचाळली, "आई, हार तुटेल!"

"तुटू दे गं," मी म्हटलं. "आपण दुसरा करू."