दुपारी जागा होणारा लॅपटॉप

लॅपटॉप झोपवून जावं आणि परत येईस्तोवर त्यानं अख्खी बॅटरी गिळून बसावं, हा काय चावटपणा! यशोधरा पार वैतागली होती. राहुरीच्या विद्यापीठात ती कांद्यावर संशोधन करायची. दुपारी घरी जेवून निघताना पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप झोपवून ठेवायचा, चारला शेतावर न्यायला यावं तर मेलेला! नवी बॅटरी घातली, पडदा मंद केला, गजर बंद केला. छे!

तिचा बाप सहादू नागापूरच्या कारखान्यात फिटर. असलं बिघडलेलं त्यानं चुटकीसरशी शोधलं असतं, पण विचारणार कशी? पोरगी मामलेदार होणार, असं तो साऱ्या कारखान्यात सांगून बसलेला. तिनं ती स्पर्धा परीक्षा अर्ध्यात सोडून कांदा धरला. दोन वर्षं झाली, तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. रविवारी आईचा फोन यायचा. "आबा कुठंयत?" विचारलं की आई म्हणायची, "बसल्यात हितंच." यशोधराला ते फार लागायचं.

शेवटी गुरुवारी अर्धी रजा टाकून ती लॅपटॉपसमोरच ठाण मांडून बसली. वीज गेलेली. शेवग्याची सावली फरशीवर हलत होती. बघता बघता तिचा डोळा लागला. खोलीत हळूहळू पाणी भरतंय, टेबल तरंगतंय आणि लॅपटॉप लेकरासारखा श्वास घेतोय, असं काहीबाही दिसत राहिलं. फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात फोन खणखणला आणि लॅपटॉपचा पडदा आपोआप उजळला.

अगं बाई! इंटरनेटसाठी घरच्या फोनची तार लॅपटॉपला कायम जोडलेली. घंटी वाजली की हा जागा होत होता, आणि पुन्हा झोपायचं नावच घेत नव्हता. पण या वेळी ती घरी नसते, हे सगळ्यांना ठाऊक. मग रोज फोन करतं कोण?

तिनं उचलला. पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजला. मग घाबरलेला आवाज आला, "तू घरी कशी? बरी हायेस ना?"

"आबा! मी नसताना का करता फोन?"

"तू असल्यावर काय बोलू? लई टाकून बोल्लो हुतो तुला. तुज्या घरात वाजतंय, तेवढं ऐकतो. बरं वाटतं."

यशोधरा रडत रडत हसली. "रोज माझी बॅटरी उतरवता तुम्ही."

त्याला काही कळलं नाही.

"मंग," तो म्हणाला, "तू घरी असताना करू का?"