टार्ना बेटाची माती

दोलीना मॅकआस्किलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टार्ना बेट इतकं जवळ दिसायचं, की हवा निवळली म्हणजे तिथल्या पडक्या घराची धुराडी ओळखू यायची. मधे जेमतेम पाऊण मैलाची खाडी. लहानपणी ती आणि तिचा थोरला भाऊ मुर्दो वल्ही मारत वीस मिनिटांत पलीकडे जात. पण १९८१च्या त्या शरद ऋतूत हिशेब केला तर तिला बेटावर पाऊल टाकून एकोणचाळीस वर्षं झाली होती. तिलाच काय, गावातल्या कोणालाही.

तिचा जन्म तिथला. ती नऊ वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली, बाळही गेलं. दोघांना बेटावरच, वाळूच्या वरच्या अंगाला एकाच खड्ड्यात ठेवलं. बापाचं मन तिथं लागेना. त्यानं अलीकडच्या किनाऱ्यावर घर बांधलं. मेंढरं मात्र बेटावरच राहिली. दर उन्हाळ्यात तिघं लोकर कातरायला जात. काम आटोपलं की दोलीना आईच्या दगडापाशी जाऊन बसे आणि वर्षभरात काय काय झालं ते सगळं सांगे. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची गाय आटली, असलंच काहीबाही.

लढाईच्या तिसऱ्या वर्षी लष्कराची माणसं आली, घरची मेंढरं अलीकडे आणायला लावली आणि त्यांनी बेट ताब्यात घेतलं. मुर्दोचा पाय लहानपणापासून अधू, त्यामुळे तो लढाईवर गेला नव्हता. त्याला त्यांनी स्वतः आणलेल्या मेंढ्या सांभाळायच्या कामावर घेतलं. महिनाभर तो रोज बेटावर जाऊन यायचा आणि घरी आल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही. मग वादळात एक मेलेली मेंढी वाहत अलीकडे आली. पंधरा दिवसांत गावातल्या सात गाई, दोन घोडे आणि दोलीनाची कुत्री मेली. कुठल्याशा परक्या जहाजानं रोगट जनावरं समुद्रात टाकली, असं एका साहेबानं सांगितलं, नुकसानभरपाई दिली आणि तो निघून गेला. त्यानंतर बेटाच्या किनाऱ्यावर लाल अक्षरांची पाटी लागली. उतरू नका.

दोलीनानं लग्न केलं नाही. मुर्दोनंही नाही. बाप गेल्यावर दोघं भावंडं त्याच घरात राहिली. मुर्दो जेवायला बसायचा तो कायम खिडकीकडे पाठ करून. दोलीनाला वाटे, दुखऱ्या पायाला चुलीची ऊब लागावी म्हणून बसत असेल.

त्या सप्टेंबरात एका सकाळी एक तरुण मुलगी दारात आली. अंगावर पावसाळी कोट, गालांवर वाऱ्याचे ओरखडे. बरोबरचे दोघे जण खाली बोटीपाशी थांबले होते.

"बाई, ओहोटी किती वाजता लागते इथं?"

"कुठं जायचं आहे त्यावर आहे."

मुलीनं बेटाकडे पाहिलं. "नमुने घ्यायचे आहेत. आम्ही विद्यापीठातून आलो आहोत."

"परवानगीचा कागद असेल."

"नाही," मुलगी सरळ म्हणाली.

दोलीनानं तिला आत बोलावलं, चहा दिला, ओटची भाकरी आणि लोणी पुढं ठेवलं. तिचं नाव रोना. वनस्पतिशास्त्र शिकत होती. "तुम्ही मला अडवत का नाही?" तिनं खाता खाता विचारलं.

"अडवलं तर ऐकशील?"

"नाही."

"मग ओहोटी अकराला लागते. दक्षिणेच्या अंगानं जा, तिथं खडक कमी आहेत." दोलीनानं तिचा कप पुन्हा भरला. गेल्या चाळीस वर्षांत तिनं कोणाकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे शब्द सापडायला वेळ लागला. "वाळूच्या वर एक दगड आहे. उभा असला तर सांगशील मला? बस, तेवढंच."

मुर्दो त्या दिवशी बाजाराला गेला होता. दोलीना दुपारभर किनाऱ्यावर बसून राहिली. तीनच्या सुमाराला बोट परतली. तिघांनी खडकाआड कपडे बदलले, जुने पिशवीत बांधले. दोलीना पुढं निघाली तशी रोनानं हात वर केला.

"तिथंच थांबा, बाई. जवळ येऊ नका."

म्हणून वीस पावलांवरून, वाऱ्यावर ओरडून, दोघींचं बोलणं झालं.

"आहे का दगड?"

"आहे. थोडा कलला आहे."

"कुठल्या बाजूला?"

"समुद्राकडे."

"अक्षरं दिसतात?"

"इशबेल वाचता येतं. खालची ओळ शेवाळानं झाकली आहे."

"खालची ओळ बाळाची," दोलीना म्हणाली, पण इतक्या हळू की ते रोनाला ऐकू गेलं नसावं. मग तिला विचारायला इतकं काही सुचलं, की थांबता येईना. विहीर उघडी आहे का? दारापुढचं रोवनचं झाड? गवत कुठवर वाढलंय? रोनाला थंडी भरली होती, दात वाजत होते, तरी तिनं प्रत्येकाचं उत्तर दिलं. झाड होतं. लाल फळांनी लगडलं होतं. बोट निघाली तेव्हा दोलीनाच्या लक्षात आलं, की आपल्याकडून आभार मानायचे राहून गेले.

तीन आठवड्यांनी बातमी आली. देशाच्या दुसऱ्या टोकाला, लष्करी संशोधन चालायचं अशा एका जागेच्या कुंपणाबाहेर, कोणीतरी झाकण लावलेली बादली ठेवली होती. बादलीत टार्नाची माती. वर्तमानपत्रांना पत्रंही गेली होती: बेट साफ करा, नाहीतर हीच माती आणखी कुठं कुठं पोचेल.

आणि मग देशाला टार्ना कळलं. चाळीस वर्षं नकाशावर ठिपका असलेलं बेट रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसू लागलं. अँथ्रॅक्स हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडी गेला. गुराख्यांना तो रोग जुनाच ठाऊक होता, जनावर उभ्याउभ्या कोसळायचं आणि नाकातून काळं रक्त यायचं. पण तोच रोग माणसानं मुद्दाम पिकवून बॉम्बमध्ये भरला होता, शत्रूच्या गावांवर टाकण्यासाठी, त्याची चाचणी टार्नावर झाली होती आणि तो रोग अजून तिथल्या मातीत जिवंत होता, हे लोक पहिल्यांदा ऐकत होते. शहरांत माणसं टपालातली पुडकी उघडायला घाबरू लागली. कुठं पीठ सांडलेलं दिसलं तरी पोलीस बोलावले जात. गावातल्या वाण्याच्या दुकानात दोलीना गेली तेव्हा कोणीतरी म्हणालं, "आता आपली लोकर कोण घेतंय? नावच बुडालं."

दोलीनाला रात्रंदिवस ती बादलीच दिसत होती. कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला. आईच्या अंगावरची माती. एखाद्या पोरानं कुतूहलानं झाकण काढलं असतं तर? ओहोटीची वेळ तर तिनंच सांगितली होती.

पोलीस अधिकारी आला तेव्हा मुर्दो चुलीपाशी बसला होता. अधिकारी तरुण होता आणि अदबीनं बोलत होता. "त्या सुमाराला कोणी बेटाकडे जाताना दिसलं का?"

दोलीना बोलणार तेवढ्यात मुर्दो म्हणाला, "माती नेली त्याची चौकशी करताय. माती नासवली त्याची चौकशी करायला कोण आलं होतं हो?"

"मुर्दो, गप्प बस," दोलीना म्हणाली. मग अधिकाऱ्याकडे वळली. "तिघं होते. निळी बोट. अकराच्या ओहोटीला गेले, तीनला परत आले. आणखी बादल्या असल्या तर तुम्हाला सापडायला हव्यात, म्हणून सांगते."

"नावं?"

वीस पावलांवर थंडीनं कुडकुडत झाडाविषयी सांगणारी ती मुलगी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. "नावं कोण सांगतं हल्ली," ती म्हणाली.

अधिकारी गेला. चहा तसाच निवला. दोलीना कप उचलत म्हणाली, "तुला ठाऊक होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"तिसऱ्या दिवसापासून." मुर्दो स्वतःच्या हातांकडे पाहत होता. "साठ मेंढ्या आणल्या होत्या. एकेकीला लाकडी खोक्यात उभी करून मीच बांधत होतो. वारा जिकडे वाहत असेल त्या बाजूला, रांगेनं. मग तो बॉम्ब फुटायचा. फार मोठा आवाज नाही, नुसता तपकिरी ढग यायचा. तिसऱ्या दिवशी पडायला लागल्या. मला म्हणाले, या कागदावर सही कर, तोंड उघडलंस तर तुरुंगात जाशील."

"मला सांगायचं होतंस."

"काय सांगू? आपली कुत्री मेली तेव्हा तू आठवडाभर विचारत होतीस, तिला झालं तरी काय. मी म्हणालो, म्हातारी झाली होती. चार वर्षांची होती ती, दोलीना." तो पुढं म्हणाला, "मेलेल्या मेंढ्या ते वाळूच्या वर पुरणार होते. आईच्या शेजारी. मी साहेबाचे पाय धरले. मग कड्याखाली पुरल्या. तेवढं एक केलं मी."

चाळीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या माणसाला ती प्रथमच पाहत असल्यासारखी पाहत राहिली. राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. ती उठली आणि त्याच्या खुर्चीची पाठ धरून ती फिरवू लागली. मुर्दो उठून उभा राहिला. तिनं खुर्ची खिडकीसमोर ठेवली. "बस इथं," ती म्हणाली. "दगड उभा आहे अजून. समुद्राकडे कलला आहे."

त्या दिवसापासून तो बेटाकडे तोंड करून बसू लागला. दोघं आता बेटाविषयी बोलत, पूर्वी कधी बोलली नव्हती इतकं. आई कुठल्या खडकावर कपडे आपटायची, बापानं किनाऱ्यावर चढलेला सील प्राणी मारला तो दिवस. "एकदा जायला मिळायला हवं," मुर्दो म्हणायचा. "तुला हात धरून उतरवीन, तुला पहिल्यापासून खडकांची भीती."

"भीती तुला होती."

वर्तमानपत्रांचा गदारोळ निवला, रोना आणि तिचे साथीदार कधी सापडले नाहीत, पण सरकारला गप्प बसता येईना. पाच वर्षांनी पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली. त्यांनी बेटभर नळ्या पसरल्या, समुद्राच्या पाण्यात औषध मिसळून एकेक हात जमीन भिजवली. मुर्दो दुर्बिणीतून पाहायचा आणि दोलीनाला सांगायचा, आज विहिरीपर्यंत आलेत, आज घरापर्यंत. आईच्या दगडापर्यंत ते पोचण्याआधीच, वसंतात, न्यूमोनियानं तो गेला. त्याला गावच्या चर्चपाशी ठेवलं. दुसरीकडे कुठं नेणं शक्यच नव्हतं.

१९९०मध्ये बेट साफ झालं म्हणून सरकारनं किनाऱ्यावरची पाटी काढली. शेजारचा यूअन दारात आला. "दोलीना आत्या, मंत्री येणार आहेत, फोटो काढणार आहेत. तुम्ही याल ना?"

"मंत्री जाऊ दे. मग ने मला."

ती अडुसष्ट वर्षांची होती. यूअननं तिला वाळूवर उतरवलं आणि तो बोटीपाशीच थांबला. औषधानं गवत करपलं होतं, ते नव्यानं, विरळ उगवत होतं. रोवन वठला होता. दगड आडवा पडला होता. नळ्या ओढताना पडला असावा. तिनं नखांनी शेवाळ खरवडलं आणि बाळाच्या ओळीपर्यंत पोचली. मग नेहमीच्या जागी बसली.

अठ्ठेचाळीस वर्षांचं सांगायचं साठलं होतं. सुरुवात कुठून करावी कळेना. तिनं तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की तिला आईशी बोलायचंच नाहीये. तिला मुर्दोला सांगायचं होतं, की विहिरीचं पाणी अजून गोड लागतं का ते पाहायचं धाडस झालं नाही, की खडक तेवढे मोठे नव्हतेच, उगीच घाबरायचो आपण. इतकी वर्षं या जागेसाठी जीव तुटत होता, आणि इथं आल्यावर तो तुटत होता पलीकडच्या चर्चपाशी निजलेल्या माणसासाठी. ती रडली. कोणी पाहत नव्हतं.

"निघायचं का, आत्या?" यूअननं लांबून विचारलं.

"आधी हा दगड उभा करू लाग."

पुढच्या एप्रिलात यूअननं बेटावर मेंढ्या सोडल्या. विण्याच्या दिवसांत दोलीनानं तंबू मागितला आणि पाच दिवस तिथं राहिली. गाव म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. चौथ्या दिवशी एक मेंढी अडली. दोलीनानं बाह्या सरसावल्या, हात आत घालून कोकराचे पाय सरळ केले आणि ते बाहेर ओढलं. कोकरू निपचित पडलं होतं. तिनं त्याचं नाक पुसलं, वाळक्या गवतानं अंग चोळलं, पुन्हा चोळलं. त्यानं शिंक दिली.

यूअन शेजारी वाकून बघत होता. "जगेल ना?"

"जगायला काय झालं त्याला," दोलीना म्हणाली आणि हात गवताला पुसून दुसऱ्या मेंढीकडे गेली.