चारशे किल्ल्या आणि आत्याचा हात

आता जे सांगतो त्यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. चाळीस वर्षं सांगतोय, अजून एकानेही ठेवलेला नाही. माझ्या डोळ्यांदेखत घडलं नसतं तर मीही ठेवला नसता. जावईबापू, तुम्ही या घरात नवे, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुमच्या सासूबाई मटार सोलता सोलता मध्येच खोकतील, तिकडे लक्ष देऊ नका.

माझी आत्या कुलपं करायची. दुकान केवढं, तर दोघं आत असले की तिसऱ्याने शिंकायलासुद्धा बाहेर जायचं. केलेल्या प्रत्येक कुलपाची एक जादा किल्ली ती मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवून ठेवायची. अशा चारशे किल्ल्या.

"गेल्या खेपेला तीनशे होत्या," ही म्हणाली.

तीनशे तर तीनशे. एकीवरही नाव नाही, आकडा नाही. गिऱ्हाईक दारात आलं की आत्या मान न वळवता हात मागे न्यायची आणि नेमकी त्याचीच किल्ली काढायची. विचारलं तर म्हणायची, "मला काय माहीत? हाताला विचार." तिचं सगळंच तसं. खरबूज ना दाबायची ना हुंगायची, नुसतं बोट दाखवायची; साखर निघायची. एकदा घरात नवी खुर्ची आणली तर बसायलाच तयार नाही, का, तर मन घेत नाही. मी हसत हसत बसलो. इथे टाके आहेत, बघायचे तर बघा.

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, दुकानात भागीदार आणि डोक्यात शिस्तीचं खूळ. आत्या चार दिवस बाहेरगावी गेली, तेवढ्यात मी सगळ्या किल्ल्या उतरवल्या, लहानापासून मोठीपर्यंत नव्याने लावल्या, प्रत्येकीला आकड्याची चिठ्ठी बांधली. कुठला आकडा कुणाचा, ते गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन त्यांच्या किल्ल्यांशी ताडून एका वहीत लिहिलं.

आत्या परतली आणि भिंतीकडे बघत राहिली. "छान आवरलंस," म्हणाली. "आता मला माझंच घर सापडायचं नाही." आणि खरंच, त्या आठवड्यात तिने तीनदा चुकीची किल्ली काढली. चिठ्ठी दिसली की डोळे वाचायला लागायचे आणि हात गप्प. आयुष्यात पहिल्यांदा तिला गिऱ्हाइकाची माफी मागताना पाहिलं. माझ्याशी बोलणंच टाकलं तिने.

अशात दोन गल्ल्या पलीकडच्या कागदवाल्याचा निरोप आला. जुन्या पेढीची इमारत त्याने घेतली होती आणि तिथल्या तिजोरीच्या खोलीत तो कागद ठेवायचा. दाराचं कुलूप आत्याच्या हातचं, जरा कुरकुरत होतं. भर दुपारी मी तेल घालायला गेलो. किल्लीचं भोक फक्त बाहेरून. तेल घातलं आणि किल्ली काढून खिशात टाकली, कारण कुलपवाला दारात किल्ली सोडत नाही. मग खटका आतून कसा वाजतो ते ऐकावं म्हणून आत शिरलो आणि दार ओढून घेतलं.

सुरेख वाजला.

किल्ली एका खिशात, वही दुसऱ्या, आणि मी आत. दार वीतभर जाड पोलादाचं, चिठ्ठी सरकवावी एवढीही फट नाही. छतापर्यंत गठ्ठे, उरलेल्या जागेत एका माणसाला तासभर पुरेल एवढी हवा. मी ओरडलो. मग ओरडायलाही हवा लागते हे लक्षात आलं आणि गप्प बसलो.

इकडे कागदवाला धावत दुकानात. "भाचा आत अडकला तुमचा, किल्लीसकट."

आत्याने खण उघडून पाहिला. "वहीपण घेऊन गेला शहाणा."

"सगळ्या किल्ल्या घेऊन चला, एकेक लावून बघू."

"चुकीची शिरली तर ते कुलूप दात आवळतं, मग कुणाच्या बापाला उघडत नाही. मीच केलंय तसं." एकच न्यायची, ती बरोबर न्यायची. "तू परत जा. दाराशी बोलत राहा, धीर दे त्याला."

तो गेला. दुकानात आत्या एकटी. तिने भिंतीकडे पाहिलं. चारशे चिठ्ठ्या, चारशे आकडे. तिने डोळे मिटले. हात वर गेला आणि भिंतीपासून बोटभर अंतरावरून फिरू लागला. पहिली रांग, दुसरी रांग. मनगटावरची लव उभी राहिली. हात पुढे गेला, थबकला, मागे आला. वाऱ्याने हलणाऱ्या सगळ्या किल्ल्या एकदम थांबल्या आणि त्यांच्यात एकच, गंजकी, करंगळीएवढी, थरथरायला लागली. आत्याने ती खुडली. डोळे उघडले तर हात विसरेल, म्हणून मिटल्या डोळ्यांनी रस्ता ओलांडला, दोन गल्ल्या चालली, सात पायऱ्या चढली.

खटका वाजला. उजेड आत आला, आणि उजेडात आत्या, डोळे अजून मिटलेले. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "हा आमचाच. चिठ्ठ्या काढून टाक." बघा, आजही अंगावर काटा येतो.

जावईबापूंनी कप खाली ठेवला.

"बाबा, एक विचारू? कागदवाल्याला परत पाठवलेलं. आत्याबाईंचे डोळे मिटलेले. तुम्ही पोलादाच्या आड. मग ती किल्ली थरथरताना पाहिली कोणी?"