अंगठा उडाला तेव्हा

मित्रांनो, नांदेडच्या एका दवाखान्यात स्टँडला लटकलेली, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी जी जुनी वस्तू दिसते, ती मी. तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि वर प्लॅस्टिकचं कवच, एवढाच माझा देह. वीज धावली की क्षणभर माझं चुंबक होतं आणि टक्कन आवाज येतो. मला डोक्याला टेकवलं, की मेंदूतला हात हलवणारा भाग जागा होतो.

ठोके कसे द्यायचे, त्यावर सारं असतं. तीन झटपट ठोके, पुन्हा तीन, असे मध्ये विसावा घेत घेत दिले तर तो भाग बहुधा तरतरीत होतो. न थांबता देत राहिलं तर बहुधा सुस्तावतो. बहुधा म्हणते, कारण काही डोकी माझं ऐकतच नाहीत.

माझं कौतुक झालं, तसा संशयही पुष्कळांनी घेतला. पण गौसियाचाचींसारखा कुणीच नाही.

त्यांचे मालक मोहियोद्दीनचाचा शिंपी होते. पक्षाघातानं त्यांचा उजवा हात लुळा पडला, कात्री धरवेना.

"करंट देऊन राहिले काय?" चाची दारातच अडल्या. "डोकं बिघडलं तर जबाबदार कोण?"

"करंट नाही चाची, चुंबक आहे," डॉक्टर सृष्टी म्हणाल्या. मग चाचांना विचारलं, "कधी फिट आली होती?"

"न्हाई," चाचा चटकन म्हणाले.

मला डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवलं.

"हात उजवा अन् मशीन डावीकडं?" चाचींच्या कपाळाला आठी पडली.

"उजव्या हाताचा कारभार डावीकडूनच चालतो. आधी एकच ठोका देऊन बघते."

टक्. चाचांचा अंगठा आपोआप उडाला. चाचींचा चेहरा उतरला; पण त्या माझ्याकडं नाही, चाचांकडं बघत होत्या.

"परवा चहा पिताना हात असाच उडून राहिला होता. कप फुटला. तुम्ही म्हटले, हातावर झोपलो होतो!"

चाचांनी डाव्या हातानं उजवा हात झाकला.

"खरं बोला जी."

"तोंड पण वाकडं झालं होतं," चाचा हळूच म्हणाले. "सांगितलं असतं तर इलाज केला नसता. मला दुकान उघडायचंय."

डॉक्टरांनी मला तत्काळ बाजूला केलं. पक्षाघातानंतर कधीकधी अशी फिट येते. आधीच भडकलेल्या भागाला मी आणखी चेतवलं असतं, तर मोठी फिट येऊ शकली असती. त्या विचारानं मी आतून गारठले.

पुढं चाचांना फिटच्या गोळ्या आणि हाताचे व्यायाम मिळाले. मी नुसती लटकून बघत राहिले. हळूहळू त्यांना कापड दाबून धरता येऊ लागलं. दुकान उघडलं. कात्री मात्र आता चाची चालवतात.

मित्रांनो, डोक्यात काय दडलंय ते मला दिसत नाही. मला टेकवण्याआधी जे झालं असेल ते सांगून टाका.

मागच्या खेपेला चाचा तपासणीला आले, तेव्हा बाहेरच्या बाकावर पार्वतीबाई आपल्या आजारी नवऱ्याला घेऊन बसल्या होत्या. चाची त्यांना म्हणाल्या, "हाव, मशीनवर शक घ्या की. पण तुमच्या ह्यांना पण विचारा, काय लपवून राहिले ते."

पार्वतीबाईंनी नवऱ्याकडं वळून बघितलं. तो खाली बघू लागला.